जाळीपलीकडचा सिनेमा

मंजुषा राजूरकरनं आयुष्यात जेवढे सिनेमे ऐकले आहेत तेवढे मी पाहिलेलेही नाहीत, आणि मी काही थोडे पाहिलेले नाहीत. ऐकले म्हणजे गाणी ऐकली असं नव्हे. अख्खे सिनेमे, पहिल्या पाटीपासून शेवटच्या अंधारापर्यंत, ती उभ्यानं ऐकत आली. पाहिलेले मात्र हाताच्या बोटांवर मोजावेत इतके.

याला दोन कारणं. एक आमच्या क्वार्टरची बांधणी आणि दुसरं तिचा नवरा.

क्वार्टर म्हणजे चंदीगडच्या सेक्टर तीसमधल्या प्रयोगशाळेच्या कॉलनीतलं दुमजली घर. खाली राजूरकर, वर मी. मी प्रयोगशाळेच्या हिशेब खात्यात होते, आता निवृत्त होऊन इथंच शेजारच्या गल्लीत भाड्यानं राहते, पण त्या घराचा जिना अजून माझ्या पायांत आहे. या घरांत हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत डोक्याच्या वर संपते आणि तिथून छतापर्यंत सिमेंटची जाळी आहे. हवा खेळावी म्हणून ठेवलेली. हवा किती खेळते ते देव जाणे, पण इकडचा आवाज तिकडे आणि तिकडचा ठसका इकडे बिनतक्रार येतो. दिसत मात्र काही नाही. स्टुलावर चढलं तरी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर तेवढं दिसतं. हे मी चढून पाहिलेलं आहे.

नवरा म्हणजे हृषीकेश राजूरकर. शास्त्रज्ञ, नागपूरचा, प्रयोगशाळेत भिंगांवर काम करतो आणि घरी सिनेमावर प्रेम करतो. दर शनिवारी संध्याकाळी सात वाजता त्याच्या हॉलमध्ये सिनेमा लागतो. आधी भाड्याच्या सीडी असत, मग कुणाकुणाच्या हार्ड डिस्क आल्या, आता सगळं भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीत आयतं येतं. साधनं बदलली, हृषीकेशचं भाषण तेच राहिलं. सिनेमाआधी तो दिग्दर्शक कोण, कुठला, त्याला काय म्हणायचंय हे सांगतो. हे ऐकून झाल्यावर सिनेमा पाहायची गरज उरत नाही असं मी त्याला कैकदा सांगितलंय. त्याचा दुसरा नियम असा की सुरू झालेला सिनेमा थांबवायचा नाही. फोन आला, बेल वाजली, कोणाला ठसका लागला, काही झालं तरी नाही. "बाथरूमला आत्ताच जाऊन या," असं तो पाहुण्यांना सांगतो. विद्यापीठात शिकणारी आपल्याकडची पोरं यायची, बदलीवर आलेली एखाददुसरी जोडपी यायची. पोरांचं अर्धं लक्ष पडद्याकडे आणि अर्धं जाळीतून येणाऱ्या वासाकडे असायचं.

कारण सिनेमा संपला की पानं मांडलेली असत. गरम भाकरी, वांग्याची भाजी, कधी पाटवड्या, कधी गोळाभात. ज्वारीचं पीठ अकोल्याहून यायचं, मंजुषाच्या माहेरून. आता सिनेमा संपताक्षणी गरम भाकरी हवी असेल तर ती सिनेमा चालू असतानाच कोणीतरी थापायला हवी, हे भिंगांच्या शास्त्रज्ञाला वेगळं सांगायला नको होतं. पण त्याच्या ते कधी ध्यानात आलं नाही. तो वाईट माणूस नाही. बायकोवर ओरडताना मी त्याला कधी ऐकलेलं नाही, आणि मला वरच्या मजल्यावर सगळं ऐकू यायचं. त्यानं तिला आत जायला सांगितलं नव्हतं, बाहेर ये असंही म्हटलं नव्हतं. अशी कितीतरी घरं चालतात, तसं तेही चाललं.

सुरुवातीला एखादी नवी पाहुणी आवाज द्यायची, "वहिनी, या ना बसायला."

"तुम्ही पाहा बाप्पा," मंजुषा जाळीतून म्हणायची, "मी ऐकून राहिली ना."

ती खरोखरच ऐकत होती. जेवताना मग ठरलेला कार्यक्रम असे. हृषीकेश भाकरीचा तुकडा मोडत विचारायचा, "काय मंजुषाबाई, कसा वाटला आजचा?" सगळे आधीच हसायच्या तयारीत असायचे. कारण मंजुषा गंभीरपणानं उत्तर द्यायची, आणि तिची उत्तरं ऐकण्यासारखी असायची.

एकदा एका परदेशी सिनेमाबद्दल ती म्हणाली, की पाऊस फार दाखवला, इतका बरा नाही. त्या सिनेमात पावसाचा थेंब नव्हता, सगळी कथा वाळवंटातली. तो पाऊस म्हणजे तिनं स्वतः कढईत सोडलेल्या पाटवड्यांच्या रश्श्याची फोडणी होती. दुसऱ्या एका सिनेमाच्या शेवटी नायक गाडीत बसून निघून गेला म्हणून तिला वाईट वाटलं. नायक कुठंही गेला नव्हता, चांगला लग्न करून घरीच बसला होता. ती गाडी म्हणजे वरणाच्या कुकरची शिट्टी. त्या दिवशी हसून हसून एका पोराला ठसका लागला. तेव्हापासून सिनेमा चालू असताना कुकर वाजला, की हॉलमधून कोणीतरी ओरडायचं, "चला, गाडी आली!" विनोद चांगला होता. मीही ओरडलेले आहे.

पण सगळंच काही असं नसायचं. एका घड्याळजीवरचा सिनेमा होता, भाषा आम्हाला कोणालाच कळत नव्हती, आम्ही खालची इंग्रजी अक्षरं वाचत होतो. हृषीकेशनं भाषणात सांगितलं होतं की हा माणूस बायको गेल्यावर दगड झालेला आहे. जेवताना मंजुषा म्हणाली, "दगड कशाचा? वाट पाहून राहिला ना तो. बाकीच्या घरांत दारं धाडकन लागतात. त्याच्या घरात दार लागल्याचा आवाज आलाच नाही मला. उघडंच ठेवतो तो." आम्ही हसलो. वर जाऊन झोपताना मला आठवलं, की दार खरंच प्रत्येक वेळी किलकिलं होतं. दुसऱ्या एका सिनेमातली म्हातारी तिला पहिल्यापासून आवडली नव्हती. "तिचं रडणं वरचं हाये. खालून श्वास येत नाही," असं तिचं मत होतं. त्या म्हातारीनंच शेवटी सगळ्यांना फसवलं. यावर हृषीकेश म्हणाला, की अंदाज लागतात कधी कधी.

मला तिची मतं ऐकायला आवडायची. ती बरोबर असत म्हणून नव्हे. अर्धी चूकच असत. पण आम्ही बाकीचे जेवताना म्हणायचो "मस्त होता", "स्लो होता", "फोटोग्राफी छान", आणि तिचं प्रत्येक मत तिचं स्वतःचं असायचं.

एका थंडीत आम्ही दोघी गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. चंदीगडला जानेवारीत ऊन पडलं तर माणसं कामं टाकून उन्हात बसतात, त्यातलंच ते. मंजुषा शेंगा सोलता सोलता म्हणाली, "रागिणी, एक सांगू? हसणार नाहीस ना?"

"सांग तर."

"एखाद वेळी कोणी खरं विचारावं ना बा. कसा होता म्हणून. हसायला नाही, खरंच माहीत करून घ्यायला."

"मी विचारते की."

"तू मैत्रीण आहेस. तू विचारणारच," ती म्हणाली आणि टोपलीतली कीड लागलेली शेंग काढून फेकली. पुन्हा हा विषय तिनं काढला नाही. पण त्यानंतर दर शनिवारी हृषीकेशनं "काय मंजुषाबाई" म्हटलं, की मला तिच्या तोंडाकडे पाहवेना. ती त्या प्रश्नाची अजूनही वाट पाहत होती. त्याच प्रश्नाची, त्याच शब्दांत, फक्त वेगळ्या आवाजात.

मग मी एक उपाय केला. माझी निवृत्ती झाली त्या आठवड्यात जेवण माझ्याकडून, म्हणून बाजारातल्या ढाब्यावरून राजमा-चावल आणि पनीर मागवलं, आणि मंजुषाला हात धरून हॉलमध्ये मधोमध सोफ्यावर बसवलं. हृषीकेशलाही आनंद झाला, त्यानं भाषण लांबवलं. मंजुषा पदर नीट करून, लग्नात बसल्यासारखी बसली. मी सिनेमा कमी आणि तिला जास्त पाहिलं. ती गोंधळलेली होती. पडद्यावर दोन माणसं भांडत होती आणि ती त्यांच्या मागच्या खिडकीच्या पडद्यांचं कापड पाहत होती. जेवताना हृषीकेशनं सवयीनं विचारलं, कसा वाटला.

"चांगला होता," ती म्हणाली.

एवढंच. आमच्यासारखं. हसायलाही कोणाला काही मिळालं नाही. नंतर भांडी आवरताना मला म्हणाली, "इतकं काही दिसते ना समोर, की ऐकूच येत नाही." पुढच्या शनिवारी ती स्वतःहून आत गेली. मी पुन्हा तो उद्योग केला नाही.

राजूरकरांना एक मुलगी, आर्या. जन्म इथला, शाळा इथली. मराठी तिला सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत येतं. मंजुषा म्हणायची, "आर्या, ताट घे." आर्या म्हणायची, "ले रही हूँ मम्मा, दो मिनट." दोघींचं असं अखंड चालायचं आणि दोघींना त्यात काही वावगं वाटायचं नाही. लहानपणी शनिवारी ती बापाच्या मांडीवर बसून सिनेमे पाहायची आणि मोठ्यानं हसायची. तिचं हसणं असं, की वरच्या मजल्यावरून मी खाली यायचे, काय झालं म्हणून. पुढं ती सिनेमाचंच शिकायला बाहेरगावी गेली. हृषीकेशची छाती फुगली. मंजुषा म्हणाली, शिकू दे, पण जेवणाचं काय करेल.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकानं एक छोटा सिनेमा करून द्यायचा असतो. आर्यानं विषय निवडला आईचा. दिवाळीत ती कॅमेरा, माइक आणि वायरींचं भेंडोळं घेऊन घरी आली आणि फराळ बाजूला ठेवून स्वयंपाकघरात तळ ठोकला. तिला आईच्या स्वयंपाकाचे आवाज हवे होते, स्वच्छ. त्यासाठी टीव्ही बंद, पंखा बंद, हॉलमध्ये कोणी बोलायचं नाही. मी बोलले म्हणून मला घरी पाठवण्यात आलं. फ्रिजची घरघर येते म्हणून फ्रिजसुद्धा बंद, त्यात दूध नासलं. मंजुषाला एकच फोडणी पुन्हा पुन्हा द्यावी लागली.

"मम्मा, एक बार और. राई थोड़ी धीरे डालो."

"मोहरी हळू कशी तडतडेल बा? तिला सांग."

पण तिनं दिली. आणि मला फाटकात गाठून सांगितलं, "माझ्यावर करून राहिली ती सिनेमा." तिच्या तोंडावर जे होतं ते मी पूर्वी पाहिलेलं नव्हतं. मला तिचा हेवाच वाटला.

मार्चच्या अखेरीस आर्या तयार सिनेमा घेऊन परत आली. सोमवारी तो संस्थेत द्यायचा होता. शुक्रवारी संध्याकाळी तिनं आम्हा तिघांना हॉलमध्ये बसवलं. मंजुषाला मधल्या खुर्चीवर. हृषीकेश भाषणाला उभा राहणार होता, त्याला तिनं खाली बसवलं. मग ती आईसमोर जमिनीवर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मम्मा, सच-सच बताना. मज़ाक नहीं. तू बोलेगी ठीक नहीं है, तो मैं नहीं भेजूँगी. पक्का."

मी मंजुषाकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या प्रश्नाची वाट पाहिली तो समोर येऊन बसला होता, तोही पोटच्या पोरीच्या तोंडून. तिनं पदर नीट केला. "सांगीन," ती म्हणाली.

सिनेमा सुरू झाला. मला चित्रणातलं कळत नाही, पण चित्र सुंदर होतं. वाफ, पितळेचा डबा, खिडकीतून येणारं ऊन, मंजुषाचे हात. बोलणं अजिबात नाही. थोडा वेळ गेला असेल नसेल, मंजुषा उठली आणि काही न बोलता आत निघून गेली.

"मंजुषा!" हृषीकेश म्हणाला. "अगं तुझ्यावर सिनेमा आहे आणि तू चाललीस कुठं?"

आर्याचा चेहरा उतरला. तिला वाटलं, आईला तो पाहवला नाही. मलाही तेच वाटलं. आतून भांड्याचा आवाज नाही, गॅस पेटल्याचा नाही. मग जाळीतून मंजुषा म्हणाली, "पहिल्यापासून लावा ना. मला इथून ऐकू द्या."

चालू सिनेमा थांबवायचा, आणि तोही मागं न्यायचा. या घरात हे कधी झालं नव्हतं. रिमोट हृषीकेशच्या हातात होता. त्यानं एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा लेकीकडे, आणि बटण दाबलं. सिनेमा थांबला. मग तो पहिल्यापासून सुरू झाला.

आम्ही तिघांनी तो पाहिला आणि मंजुषानं आत उभं राहून ऐकला. संपल्यावर ती बाहेर आली, खुर्चीवर बसली नाही, दारातच उभी राहिली.

"मेहनत खूप केली तू," ती म्हणाली. "आवाज सगळे माझेच आहेत. पण खोटा आहे."

"खोटा?" आर्याच्या तोंडून चक्क मराठी निघालं.

"माझं स्वयंपाकघर असं मुकं कधी होतं? तू सगळ्यांना चूप बसवलं. जाळीतून काहीच येऊन नाही राहिलं तुझ्या सिनेमात. बाबांचं भाषण नाही, रागिणीची बडबड नाही. तुझं हसणं नाही. ती पोरं 'गाडी आली' म्हणून ओरडायची, ते नाही. असं वाटते की त्या बाईच्या घरचं कोणी गेलं."

"मम्मा, वही तो दिखाना था," आर्या म्हणाली. तिचा आवाज चढला. "तू वहाँ अकेली थी. हर शनिवार. हम सब इधर बैठके हँसते थे और तू अकेली खड़ी रहती थी. मुझे गुस्सा आता है, मम्मा. पापा पे भी, अपने पे भी."

हृषीकेशनं मान खाली घातली. मला वाटलं, आता हे इथंच थांबावं, पण मंजुषाचं बोलून झालेलं नव्हतं.

"राग येऊ दे. मलाही येते," ती म्हणाली. हे तिनं नवऱ्याकडे पाहून म्हटलं, आवाज न चढवता. "मला कोणी बोलवायला पाहिजे होतं, हे खरं आहे. पण मी एकटी नव्हती बेटा. मी पलीकडे होती. तुम्ही काय बोलता, कोण कधी हसते, बाबांना कुठं झोप लागते, सगळं मला माहीत होतं. तुझ्या सिनेमातल्या बाईला काहीच माहीत नाही. तिची कीव येते. माझी कीव नको करू."

आर्या रडली. मीही डोळे पुसले, ते नाकारण्यात अर्थ नाही. मंजुषा मात्र कोरडी होती, आणि मला ती त्या क्षणी जरा भीतीदायक वाटली. तिला खरं विचारलं होतं, तिनं खरं सांगितलं होतं, आणि त्याची किंमत लेकीच्या डोळ्यांतून वाहत होती. ती आत गेली आणि चहा टाकला.

चहा होईपर्यंत आर्यानं तोंड धुतलं. कप घेताना म्हणाली, "तो अब क्या करूँ?"

"उद्या शनिवार आहे," मंजुषा म्हणाली.

शनिवारी सात वाजता आम्ही नेहमीसारखे जमलो. विद्यापीठातली तीन-चार पोरं होती. त्यांना काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. आर्या हॉलमध्ये बसली नाही. ती कानांवर हेडफोन आणि हातात माइक घेऊन आत, जाळीखाली, आईच्या शेजारी उभी राहिली. लहानपणापासून त्या घरात वाढलेली ती मुलगी सिनेमा चालू असताना त्या बाजूला पहिल्यांदाच उभी होती.

हृषीकेश भाषणाला उभा राहिला आणि त्याला शब्द सुचेनात. आपलं बोलणं पलीकडे ऐकू येतं, हे त्याला बहुधा पहिल्यांदाच जाणवत होतं. त्यानं दोन वाक्यांत आटपलं. मी म्हटलं, "बरं नाही का रे?" पोरं हसली. सिनेमा कुठल्याशा बर्फाळ देशातला होता. डोंगरातल्या गावात एक जोडपं राहतं, बायको भांडून घर सोडते, नवरा चुलीजवळ बसून राहतो, दिवस जातात. अक्षरं वाचून वाचून माझे डोळे दुखले. जाळीतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता, मधूनच दोघी काहीतरी कुजबुजत होत्या. मग कुकरची शिट्टी झाली.

एक पोरगा ओरडला, "गाडी आली!" सगळे हसले. मी हृषीकेशकडे पाहिलं. तो हसला नव्हता, पण त्यानं पोराला गप्पही केलं नाही. हे आत माइकमध्ये हवं होतं, म्हणून असेल.

सिनेमाचा शेवट मोठा विचित्र होता. नवरा दिवा मालवतो. अंधार होतो. बराच वेळ काळाकुट्ट पडदा, आणि त्याच अंधारात नावं सुरू होतात. ती परत आली की नाही, कळलंच नाही. एक पोरगी म्हणाली, नाहीच आली, स्पष्ट आहे. दुसरा म्हणाला, हे प्रेक्षकावर सोडलंय. हृषीकेश काळ्या पडद्यावरची नावं वाचत राहिला.

पानं मांडली गेली. आर्या हेडफोन गळ्यात अडकवून सगळ्यांच्या शेवटी येऊन बसली. तिच्या केसांना पीठ लागलं होतं. पोरं जेवायला लागली आणि सवयीनं हृषीकेशच्या तोंडाकडे पाहू लागली, आता तो "काय मंजुषाबाई" म्हणेल म्हणून. त्यानं म्हटलं नाही. पोरांनी वाट पाहिली आणि मग भाजीकडे वळली.

मंजुषा भाकऱ्यांची टोपली घेऊन वाढत वाढत त्याच्यापर्यंत आली. त्यानं ताटावरून मान वर केली.

"मंजुषा," तो म्हणाला, "ती परत आली का गं शेवटी? मला कळलं नाही."

पोरं हसायला तोंड उघडून थांबली, कारण तो हसत नव्हता. तो तिच्याकडे पाहत उत्तराची वाट बघत होता. आर्याचा घास हातातच राहिला. मंजुषानं टोपली कमरेवर टेकवली, आणि मला गच्चीवरचं ते ऊन आठवलं.

"आली ना," ती म्हणाली. "अंधार झाल्यावर. दारात चपला काढल्या तिनं, दोन्ही, एकामागून एक."

आता चपलांचा तो आवाज सिनेमातला की जाळीखाली उभ्या असलेल्या आर्याच्या पायांतला, हे सांगणं कठीण होतं. तीच पूर्वीची फोडणीची आणि कुकरची गत. मी विचारलं नाही. हृषीकेशनंही रिमोट उचलला नाही.

"आली म्हणजे बरं झालं," तो म्हणाला आणि ताट पुढं केलं. तिनं त्यात गरम भाकरी वाढली.